कोर्लई: गावापुरती उरलेली एक भाषा

अलिबागहून रेवदंड्याला जा, कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडा आणि समुद्राच्या बाजूला वळा. कोर्लईत किल्ला लगेच दिसतो. भाषा मात्र कान देऊन ऐकावी लागते.

इथले ख्रिस्ती लोक घरात जी बोली बोलतात, तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे जेमतेम हजारभर. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीच्या वळणाची. पोर्तुगीजमध्ये क्रियापद साधारणपणे कर्माच्या आधी येतं, इथे ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसतं. याचं कारण सोपं आहे. १७४० मध्ये हा भाग मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले आणि पोर्तुगीजशी रोजचा संबंध तुटला. भोवती सगळी मराठी. तरीही बोली टिकली, कारण ती चुलीपाशी आणि चर्चच्या अंगणात चालत राहिली. आता मुलं मराठी शाळेत जातात, आणि खरी गळती तिथेच लागते.

किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली डोंगराची अरुंद सोंड. निजामशाहीने तो बांधायला घेतला, १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. आडव्या भिंतींनी त्याचे कप्पे पाडलेत, म्हणजे एक दरवाजा पडला तरी शत्रू पुढच्या भिंतीशी अडतो. आत पडकं चर्च, पाण्याचं टाकं, तोफा. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी सकाळीच चढा. वर सावली नावालाच. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरताना पाय हमखास सटकतो.