दात दिसतात का?

लंडनच्या हर्टफर्ड हाउसमध्ये, म्हणजे वॉलेस कलेक्शन या कलासंग्रहालयात, मी लोकांना चित्रं समजावून सांगते. एका दुपारी कोल्हापूरच्या आजी लेकीचा हात धरून आल्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. लेक म्हणाली, "हिला मराठीत सांगाल का?"

मोठ्या दालनात फ्रान्स हाल्सच्या 'लाफिंग कॅव्हलियर'समोर, म्हणजे 'हसणाऱ्या शिलेदारा'च्या चित्रासमोर, आम्ही थांबलो. मी सवयीने सुरुवात केली. हाल्स जन्माने आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा, बाप कापडाच्या धंद्यातला. घर हॉलंडमधल्या हार्लेमला गेलं आणि हा फ्लेमिश पोर डच चित्रकार झाला. १८६५ मध्ये पॅरिसच्या लिलावात हर्टफर्डच्या चौथ्या मार्क्विस या उमरावाने रोथशिल्ड या बँकरशी चुरस करून ५१,००० फ्रँकला हे चित्र घेतलं...

"ते राहू दे गं," आजी म्हणाल्या. "हसतोय ना तो? दात दिसतात का?"

"नाही."

"मग ओठ?"

मी परत बघितलं. ओठ मिटलेले. मिशीची टोकं वर वळलीत, गालाला जरा ताण आहे, एवढंच. हे नाव हाल्सने दिलेलं नाहीच. ते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पडलं. चित्रावर लॅटिनमध्ये फक्त वय २६ आणि साल १६२४ लिहिलंय. रोज 'हसणारा' म्हणून सांगत होते आणि त्याच्या ओठांकडे मी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"अंगात काय आहे?"

मग मी बाहीवरच थांबले. काळ्या कापडावर दाट भरतकाम. मधमाश्या, बाण, ज्वाळा निघणारी शिंगं, प्रेमाच्या गाठी. आजी मध्येच विचारायच्या, मधमाशी केवढी, गाठ सैल की घट्ट. कमरेच्या काळ्या शेल्यापाशी आले तेव्हा सांगितलं, इथे मात्र बारीक काम नाही, कुंचल्याचे लांब, भरभर ओढलेले फटकारे आहेत. "घाईत?" "नाही आजी, हात बसलेला."

"उभा कसा आहे?"

शब्दांनी जमेना. आजींनीच काठी लेकीकडे दिली आणि एक हात कमरेवर ठेवला. "असा?"

त्यांचं कोपर धरून मी जरा पुढे आणलं, हनुवटी किंचित वर केली. तो आपल्याकडे वरूनच बघतो.

"हं," त्या म्हणाल्या, "हा हसत नाहीये. ऐटीत आहे." थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग काठी मागून घेतली.

"चल, पुढचा कोण?"

पुढे रेम्ब्रांटचा मुलगा टायटस होता. या वेळी मी ओठांपासून सुरुवात केली.