'फिलाडेल्फिया' रुतली ती अशी
आज दिवसभर डोक्यात 'फिलाडेल्फिया'च. 36 तोफांचं हे अमेरिकन लढाऊ जहाज 31 ऑक्टोबर 1803 ला त्रिपोलीच्या एका जहाजाच्या पाठलागाच्या नादात त्रिपोलीजवळ (आजच्या लिबियाचा किनारा) नकाशात नसलेल्या खडकावर चढलं. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वर उचललेली. वजन कमी करायला कॅप्टन बेनब्रिजने बहुतेक तोफा समुद्रात ढकलल्या, नांगर तोडले, पुढची डोलकाठीही कापली. जहाज ढिम्म! वर कलल्यामुळे उरलेल्या तोफांचा नेमही लागेना. जहाज शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून तळाला भोकं पाडून शरणागती. 307 जण कैदेत. दोनच दिवसांत वारा-पाणी वाढलं आणि त्रिपोलीवाल्यांनी जहाज अलगद सोडवून नेलं. (भोकं बुजवली की झालं!) फेब्रुवारी 1804 मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी डिकेटरने रात्री बंदरात घुसून ते जाळलं. त्रिपोलीच्या शासकाला खंडणी द्यायची नाही म्हणून अमेरिकन लढले खरे, पण 1805 च्या तहात कैद्यांसाठी 60,000 डॉलर मोजावे लागलेच.