आज गाडी मनासारखी वळली!
आज नॉर्डश्लाइफवर, म्हणजे जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या लांबलचक रेस ट्रॅकवर, दोन लॅप मारल्या, अजून हात थरथरतायत. हिवाळाभर गॅरेजमध्ये खपून माझ्या जुन्या मियाटाला (माझदाची छोटी दोन सीटर) कॉइलओव्हर्स, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन, बसवले, पुढे २.५ डिग्री निगेटिव्ह कॅम्बर (चाकं वरून आत झुकलेली) आणि मागे लिमिटेड स्लिप डिफ (एकच चाक मोकळं फिरू न देता दोन्हींना ताकद देणारा डिफरन्शिअल), कारण आधी आडेनाउअर फॉर्स्टच्या वळणांमधून बाहेर पडताना आतलं चाक नुसतंच गरगर फिरायचं आणि ताकद सगळी वाया, आज अॅक्सिलरेटर दिला तशी बाहेरच्या चाकाने गाडी पुढे ढकललीच राव! कारुसेल या उतरत्या वळणाच्या काँक्रीटवर मात्र जाम आदळली, डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) दोन क्लिक मऊ करावे लागतील. पार्किंगमध्ये गरम टायरवर हात फिरवला, आधी बाहेरची कड खाल्ली जायची, आज रबर सगळीकडे सारखं घासलेलं. २०.८ किमीची लॅप आणि कुठेच दगा नाही. बाबांना लगेच व्हिडिओ कॉलवर टायर दाखवला, म्हणाले, "नट परत एकदा आवळून घे."