काटा थांबला नाई पायजे

आज अख्खा दिवस हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) गेला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत मी क्लाउड मायग्रेशनच्या, म्हणजे इथली सिस्टिम इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवायच्या, टूलमध्ये पसंती भरत बसलेलो.

टूल आधी विचारतं, पहिलं महत्त्व कशाला? लायसन्सचा खर्च वाचवणं, देखभाल कमी करणं, की लवकर हलवणं? मी सवयीने 'लवकर' सगळ्यात वर ठेवणार, तेवढ्यात वजनकाट्यावरचे काकाजी म्हणाले, "भाऊ, काईबी करा, पण सीझनात काटा थांबला नाई पायजे." मी क्रम बदलला. देखभाल पहिली. इथं रात्री सर्व्हर पडला तर उठवायला कोण येणार?

डेटाबेसपाशी खरा जीव अडकला. इथला डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर 2014, त्याचा एक्स्टेंडेड सपोर्टही जुलै 2024 मध्येच संपलाय. पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसवर नेलं तर लायसन्सचा खर्च सुटतो. पण वजन, घट, पट्टी (शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब) असं सगळं जुन्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच लिहिलेल्या कोडमध्ये आहे, तो कोड नव्याने लिहावा लागेल. आणि शेतकऱ्याच्या पट्टीत एक रुपया इकडचा तिकडे झालेला मला चालणार नाही. म्हणून यंदा एसक्यूएल सर्व्हरच, नवी आवृत्ती, मॅनेज्ड सेवेवर (सर्व्हरची देखभाल क्लाउड कंपनी करते), मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. पोस्टग्रेसचं हंगाम उतरल्यावर बघू.

काट्याचं ॲप मात्र इथल्याच कॉम्प्युटरवर ठेवलं. नेट गेलं तरी वजन नोंदलं जाईल, नेट आलं की वर क्लाउडवर जाईल. काकाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला.

निघालो तेव्हा रांगेत अजून अकरा गाड्या होत्या.