खळ्यातल्या फायली

सोमवारी सकाळी लॉगिन केलं आणि आमचं गुहागरकडचं घर जागेवर नव्हतं. त्याऐवजी स्क्रीनभर निळा रंग, कोपऱ्यात कंपनीचा लोगो आणि खाली इंग्रजीत पाच मूल्यं. त्यातलं चौथं 'ओनरशिप' होतं, हे मुद्दाम सांगते.

वॉलपेपर बदलला, एवढंच. आजूबाजूच्या सगळ्यांचाच बदलला होता. पण त्यांचे आपले डोंगर नाहीतर धबधबे. मी अकाउंट्समध्ये आहे आणि गेली सहा वर्षं माझ्या फायली त्या फोटोत राहत होत्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर वेंडर पेमेंट, कारण ती मंडळी कायम दारात बसलेली. पगाराची शीट तुळशीपाशी, सोवळ्यात; इतर कशाचा तिला विटाळ नको. जीएसटी विहिरीच्या काठावर. तिथे दर महिन्याला उतरावंच लागतं आणि वर यायला वेळ लागतो. पडवीत 'बघू नंतर'चा फोल्डर, चांगलाच जाडजूड. मधलं खळं मात्र मोकळं, कारण फोटोत तिथे आजीने कोकमाची सोलं वाळत घातलेली. त्यावर एक्सेल कसं ठेवणार? नावं वाचायची वेळच यायची नाही. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' अशी नावं देणाऱ्या बाईला ती वाचून उपयोगही नव्हता.

आता घर गायब, आणि आयकॉन फुगून डाव्या कडेला रेशनच्या रांगेत उभे.

राइट क्लिक करून पर्सनलाइझ उघडलं. वर लाल अक्षरांत ओळ : यातल्या काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते. फोटो निवडायचं बटण फिकुटलेलं, दाबलं तरी ढिम्म. रीस्टार्ट केलं. आपल्याकडे रीस्टार्ट हा अंगारा आहे, लावून बघायचा. नाही लागू पडला.

मग खरेदी विभागातल्या एकाने कानात मंत्र सांगितला. काळी खिडकी उघडायची आणि टाइप करायचं : जीपीअपडेट, स्पेस, स्लॅश, फोर्स. केलं. पॉलिसी, म्हणजे कंपनीने मशीनना लावलेले नियम, यशस्वीरीत्या अपडेट झाल्याचं उत्तर आलं. मी खूश. पडदा निळाच.

दुपारी आयटीतला मुलगा आला. त्याला हे सांगितलं तर हसू दाबत म्हणाला, "मॅडम, ती कमांड पॉलिसी काढत नाही, पुन्हा लावते."

म्हणजे जप्तीवाल्यांना मीच वाजतगाजत परत बोलावलं होतं. अर्थात न बोलावताही ते आलेच असते. ही ग्रुप पॉलिसी दर ९० मिनिटांनी आपणहून ताजी होते, आणि सगळी मशीन एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून त्यात ३० मिनिटांपर्यंतचा इकडचा तिकडचा वेळ मिसळलेला असतो. मधल्या सुट्टीत मुलांना वर्गावर्गाने सोडतात, तसं.

मुलगा शहाणा होता. "ही दोन दुखणी आहेत," म्हणाला. वॉलपेपर पॉलिसीने गेला, पण आयकॉन फुगण्याचा तिच्याशी संबंध नाही. त्याच रात्री अपडेटमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्याचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बिघडला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत होतं आणि रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर येऊन बसलं होतं. त्याने ड्रायव्हर पुन्हा टाकला, पडदा क्षणभर मिटला आणि १९२० बाय १०८० होऊन उघडला. आयकॉन सडपातळ झाले. रांग मात्र मोडली नाही.

"आणि माझं घर?"

त्याने जीपीरिझल्टची कमांड चालवून यादीच काढून दाखवली : कुठकुठल्या पॉलिसी माझ्या नावावर लागल्यात. त्यांचाही क्रम असतो. आधी त्या मशीनची स्वतःची, मग साइटची, म्हणजे त्या ठिकाणच्या ऑफिसची, मग डोमेनची, म्हणजे कंपनीच्या अख्ख्या जाळ्याची, आणि शेवटी आपण ज्या विभागात मोडतो त्याची. भांडण झालं तर शेवटची जिंकते. म्हणजे माझ्या मशीनचं मत सगळ्यांत आधी विचारतात आणि सगळ्यांत आधी खोडतात. लग्नाच्या बैठकीत मुलीला विचारायचे, तसंच.

हे सगळं का, तर म्हणे क्लायंटबरोबरच्या मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना कुणाच्या तरी मागे गोव्याची सहल दिसली. ती कुणाची, हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे. मी इथे लिहिणार नाही.

आमच्यातला एकजण तेवढा सुटला, तोही अर्धा. त्या निळ्या चित्राची फाइल सर्व्हरवर ठेवलेली. तो घरून काम करत होता, घरून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत नेणारं व्हीपीएन जोडलेलं नव्हतं, चित्र पोचलंच नाही; त्याचा पडदा निव्वळ काळा. मला त्याचा हेवा वाटला. काळ्यावर निदान रात्र समजून घर आठवता येतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकेक आयकॉन उचलून आठवणीने लावत बसले. पायऱ्या साधारण इथे. तुळस याच्या थोडी उजवीकडे. विहिरीपाशी हात अडखळला. रहाट कुठल्या बाजूला होता? जुना फोटो मोबाइलवर उघडून पाहिला, मग जीएसटी बरोब्बर जागेवर बसलं.

दोन दिवसांनी आयटीतला मुलगा माझ्या तक्रारीचं तिकीट बंद करायला आला. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, मध्ये एवढी जागा रिकामी का सोडलीय? सगळं कडेलाच आहे."

"सोलं वाळत घातलीयेत," मी म्हटलं.

त्याने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तिकिटावर 'रिझॉल्व्ह्ड' लिहून तो गेला.