रतनगड ते हरिश्चंद्रगड, कॅन्सरच्या छोट्या पेशंटसाठी

पैसे गोळा करण्यासाठी ट्रेक करणार असाल तर आधी पैशाचं ठरवा आणि मग वाटेचं, हे मी आता सगळ्यांना सांगत असते, कारण आमचं जे नीट पार पडलं ते त्यामुळेच. आम्ही ठाण्यातले शाळेपासूनचे मित्रमैत्रिणी, दर हिवाळ्यात कुठेतरी जातोच. त्या वर्षी तलावपाळीला बसून ठरलं की यावेळी नुसतं जायचं नाही, परळला कॅन्सरच्या उपचारासाठी बाहेरगावाहून येणाऱ्या लहान मुलांची आणि त्यांच्या आईबाबांची राहायची सोय करणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी चालायचं. विषय आमच्या एका मैत्रिणीने काढला, ती परळलाच कामाला आहे आणि फुटपाथवर चादर अंथरून राहणारी कुटुंबं रोज येताजाता बघते.

नियम पहिल्याच दिवशी ठरले. जीप, जेवण, वाटाड्या, फॉरेस्टची एन्ट्री फी, सगळं आपल्या खिशातून, लोकांच्या वर्गणीतला एक रुपयाही आमच्या चहावर जाणार नाही. आणि कोणाच्याही पर्सनल नंबरवर पैसे घ्यायचे नाहीत, संस्थेचाच क्यूआर कोड पाठवायचा, म्हणजे पावती पण तिकडूनच येते. सोसायटीत ८०जीचं, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या इन्कम टॅक्सच्या सवलतीचं, सगळेच विचारतात, तर २००० रुपयांच्या वर कॅश दिली की सवलत मिळत नाही आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर ८०जीचा उपयोगच नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. किलोमीटरमागे अमुक रुपये ही आयडिया पण आली होती, पण प्रत्येकाच्या घड्याळात किलोमीटर वेगळे दिसतात आणि नंतर लोकांच्या मागे लागावं लागतं, म्हणून जे द्यायचं ते आधीच द्या असं सांगितलं. लोकांनाही तेच सोपं वाटलं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मीटिंगमध्ये सरळ विचारलं, "तुम्ही डोंगर चढणार, त्याने त्या पोरांचं काय होणार?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं काका, आम्ही नुसता मेसेज टाकला असता तर तुम्ही वाचला असता का? मग मैत्रिणीने समजावून सांगितलं की लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट साधारण दोन ते अडीच वर्षं चालते, सुरुवातीचे महिने तर सारखं हॉस्पिटल, आणि केमोने पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधं इन्फेक्शन पण जिवावर बेतू शकतं. अशा मुलाला स्वच्छ खोली आणि घरचं गरम जेवण म्हणजे ट्रीटमेंटचाच भाग आहे, आणि राहायला जागा नाही म्हणून उपचार अर्धवट सोडून गावी परत जाणारे लोक असतात. काका गप्प ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे भरले आणि त्यांच्या सीनियर सिटिझन ग्रुपमध्ये आमचा मेसेज पण टाकला, तिथून खूप जणांनी दिले.

तयारी म्हणजे रविवारी पहाटे उपवनहून येऊर, भरलेली सॅक पाठीवर घेऊन. रिकाम्या पाठीने केलेली प्रॅक्टिस कामाची नाही. आणि बूट नवीन नकोत.

पहाटेच्या कसारा लोकलने निघालो, तिथून जीपने घोटी, शेंडी करत रतनवाडी. अमृतेश्वराच्या देवळात दर्शन घेतलं आणि रतनगड चढायला लागलो. गडावर जायला लोखंडी शिड्या आहेत, शनिवार रविवारी तिथे ही गर्दी होते, म्हणून आम्ही मुद्दाम मधल्या वारी गेलो होतो. ग्रुपमधल्या एकीला उंचीची भीती वाटते, तिच्या वर एक आणि खाली एक असे राहिलो, ती प्रत्येक पायरीला मोठ्याने गणपतीचं नाव घेत वर आली आणि नेढ्यात, म्हणजे गडाच्या कातळातल्या आरपार भोकात, बसून भंडारदऱ्याचं पाणी बघितल्यावर म्हणाली की आता कुठूनही न्या मला.

खरी परीक्षा रतनगड ते कुमशेत. शिड्या उतरून कात्राबाईच्या खिंडीकडे जी वाट जाते ती कारवीच्या रानातून, ढोरवाटा इतक्या फुटतात की वाटाड्याशिवाय जाऊच नका, गावातला माणूस घ्या, त्यालाही दोन पैसे मिळतात. खिंड चढून पलीकडे उतरताना सगळा घसारा, पाय ठेवला की दगड निघतो, अंतर ठेवून एकेकाने उतरायचं आणि दगड सुटला की ओरडायचं. पाणी प्रत्येकी तीन लिटर तरी पाहिजे, हिवाळ्यात मधे भरवशाचं पाणी नाही. गुडघे बोलायला लागले होते पण कोणी थांबू या म्हणालं नाही, सकाळीच संस्थेकडून किती रक्कम जमली त्याचा मेसेज आला होता आणि तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात होता.

कुमशेतला ज्यांच्या घरी मुक्काम होता त्या मामांनी रात्री जेवताना विचारलं, एवढं कशासाठी चालताय? सांगितलं. तर ते म्हणाले मग जेवणाचे पैसे घेणार नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, एवढ्या माणसांचं, मामींनी चुलीवर केलेलं. आम्ही म्हटलं मामा, हा तुमचा धंदा आहे, हे पैसे आमचे आहेत, वर्गणीतले नाहीत, ते घ्यावेच लागतील. बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी पैसे घेतले आणि आत जाऊन १०० ची नोट घेऊन आले, म्हणाले ही त्या पोरांसाठी, आणि पावती माझ्या नावाची पाहिजे. मला तेव्हा बोलताच आलं नाही.

पुढे पेठेची वाडी करत पाचनई सोपं आहे, पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट सगळ्यात सोयीची. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात आमच्यातल्या दोघांनी प्रदक्षिणा घातली. कोकणकड्यावर मात्र झोपून, कोपरावर सरकत कडेला जायचं, फोटोसाठी कडेला उभं राहायचं नाही, हे मी कितीही वेळा सांगेन. उतरताना टोलार खिंडीने खिरेश्वर, ही उतरण गुडघ्यांना जड जाते, काठी आणि क्रेप बँडेज जवळ ठेवा. खुबी फाट्याला कल्याणची एसटी मिळाली, बहुतेक जण माळशेज घाटातच झोपले.

मामांची नोट घरी आल्याबरोबर संस्थेच्या ऑफिसला नेऊन दिली आणि त्यांच्या नावाची पावती करून घेतली, ती पोस्टाने कुमशेतला पाठवली. पोचल्याचा त्यांचा फोन पण आला. संस्थेने सगळा हिशेब लेखी दिला, तो आम्ही सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावला. यंदा परत जायचं ठरतंय, वाट अजून ठरली नाही, पण क्यूआर कोड आला आहे, आणि ज्यांना चालायचंय त्यांनी रविवारी पहाटे उपवनला या, सॅक भरून.