सुटकेस पुढे, आम्ही डोंगरात

एकाच सहलीत टोकियोही बघायचं आणि जपानी आल्प्समध्येही जायचं, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं तेव्हा ओळखीच्यांनी एकच काळजी केली, "चढायला झेपेल का?" वर्षानुवर्षं सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला हा प्रश्न जरा झोंबतोच. पण खरी गोम चढाईत नाही, बॅगेत आणि तारखांत आहे. शहरासाठी आणलेली चाकांची सुटकेस डोंगरात नेता येत नाही, आणि शहरात रात्री बारापर्यंत भटकायची सवय लागलेला माणूस पहाटे साडेचारला उठत नाही. हे दोन गुंते सुटले की बाकीचं जमतं.

फुजी आम्ही पहिल्यांदाच बाद केला. त्याचा अधिकृत हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि आम्हाला जायचं होतं ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्या दिवसांत लोकांची झुंबड असते ती नागानो प्रांतातल्या कारासावाला. होताका शिखरांनी तीन बाजूंनी वेढलेलं, हिमनदीने कोरलेलं हे खोलगट पठार साधारण 2300 मीटरवर आहे. शरदात ते लाल-पिवळं होतं.

व्हिसाच्या अर्जासोबत रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. कुठल्या तारखेला कुठे, मुक्काम कुठल्या पत्त्यावर, फोन नंबर काय. म्हणजे डोंगरातल्या हटचं, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घराचं, बुकिंग आधी, अर्ज नंतर. शिवाय पानगळीच्या हंगामात जागा भराभर संपतात, त्यामुळे बुकिंग उघडलं त्याच दिवशी आम्ही तारीख धरून टाकली. दोन जेवणांसह माणशी दहा हजार येनांच्या वर जातात. महाग वाटतं, पण वरचं बरंचसं सामान हेलिकॉप्टरने येतं हे कळल्यावर तक्रार करवत नाही.

दिवसांचा क्रम लावताना बायकोशी थोडी वादावादी झाली. तिचं म्हणणं, "आधी डोंगर उरकू, मग निवांत शहर." माझं म्हणणं, डोंगर मधे हवा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे. तिथले पहाटेचे पाच म्हणजे आपले रात्रीचे दीड. पहिल्याच दिवसांत त्या वेळी बूट घालून चालायला लागणं म्हणजे शरीराशी भांडण. दुसरं, सप्टेंबर-ऑक्टोबर हा टायफूनचाही काळ. दोन्ही बाजूंना शहराचे दिवस असले की अंदाज बिघडल्यावर निदान मागे-पुढे करायला जागा राहते. शेवटी तिने मानलं, पण "पाऊस पडला तर तुझ्या नावाने" या अटीवर.

टोकियोतले पहिले दिवस नुसते फिरण्यात घालवले नाहीत. जिंबोचो हा भाग जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे गिर्यारोहणाच्या सामानाचीही दुकानं आहेत आणि जपानी करीची असंख्य हॉटेलंही. स्टोव्हचा गॅस विमानातून नेता येत नाही, तो इथे घेतला. अस्वलासाठी घंटा घेतली. आणि डोंगराचा कागदी नकाशा, ज्यावर वाटेच्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागेल ते छापलेलं असतं. आकडे जपानीत वाचावे लागत नाहीत, त्यामुळे आम्हाला फार उपयोगी पडला. बायको शाकाहारी. जपानी सूपमध्ये आणि कित्येक भाज्यांत माशांचा रस्सा असतो, दिसत नाही पण असतो. म्हणून निशी-कासाईला, जिथे आपल्याकडच्या आयटीवाल्यांची बरीच वस्ती आहे, तिथल्या भारतीय दुकानातून पोहे, चटण्या आणि पाकिटातली डाळ घेतली. सरावासाठी एक दिवस ताकाओला गेलो. 599 मीटरचा डोंगर, टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून केइओ लाइनच्या लोकलने तासाभरात पायथा. बूट तपासायला बरा, बाकी गर्दी सिंहगडाची.

आता सुटकेस. इथे ताक्क्युबिन नावाची घरपोच सामानसेवा आहे. यामातो कंपनीने 1976 मध्ये सुरू केलेली. तोंडात पिल्लू धरलेली काळी मांजर ही तिची खूण. हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं. तिथल्या मुलीने टेप काढली, बॅगेची लांबी, रुंदी, उंची मोजली, तिन्हींची बेरीज केली आणि तक्त्यात बोट ठेवून दर दाखवला. पावतीवर मात्सुमोतो या डोंगराजवळच्या शहरातल्या, उतरल्यावर राहणार होतो त्या हॉटेलचा पत्ता, आम्ही तिथे कधी पोचणार ती तारीख आणि बुकिंग कुणाच्या नावावर, एवढं लिहायचं. मग तिने हँडलला पावती अडकवली, चाकं पुसली आणि बॅग आत नेली. हात मोकळे, पाठीवर फक्त सॅक. हॉटेलला मात्र आधी मेल करून बॅग ठेवून घ्याल का हे विचारून ठेवावं.

सकाळच्या अझुसा एक्स्प्रेसने शिंजुकू सोडलं. या गाडीत प्रत्येक सीटच्या डोक्यावर दिवा असतो. लाल म्हणजे जागा विकलेली नाही, हिरवा म्हणजे विकलेली, पिवळा म्हणजे लवकरच कुणीतरी येणार. आपल्याकडे हे असतं तर निम्मी भांडणं मिटली असती. मात्सुमोतोपर्यंत अडीच-पावणेतीन तास, मग छोट्या लाइनने शिन-शिमाशिमा आणि तिथून कामिकोचीची बस. चालायची वाट तिथून सुरू होते. कामिकोचीत खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे माथेरानची आठवण येणारच. बस जिथे सोडते ती जागा 1500 मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या उंचीवर आपण बसून पोचतो.

काप्पाबाशी पुलापासून योकोओपर्यंतची वाट अझुसा नदीच्या कडेने जवळपास सपाट. माकडं अगदी बाजूने चालत गेली, पण एकाचंही लक्ष आमच्या सॅककडे नव्हतं. माथेरानशी असलेलं साम्य इथे संपलं. पहिली रात्र मधे तोकुसावाला काढली. टोकियोहून निघून त्याच दिवशी कारासावा गाठायचं म्हटलं तर अंधार पडतो, आणि हटवाल्यांना माणसं दुपारी तीनच्या सुमारास आत हवी असतात. इथे रात्री ट्रेक सुरू करून सूर्योदयाला माथ्यावर, हा आपला खाक्या चालत नाही. नागानोत ठरावीक वाटांसाठी आपला आराखडा आधी देणं 2016 पासून बंधनकारक आहे. कोण, किती जण, कुठून कुठे, सोबत काय. तो ऑनलाइन भरता येतो, आम्ही टोकियोतच भरला होता.

योकोओनंतर झुलता पूल ओलांडला की ब्योबु-इवाचा प्रचंड कातळ डाव्या हाताला सुरू होतो, आणि होनतानीच्या पुलानंतर खरा चढ. दगडांची पायवाट. वरून येणारा प्रत्येक जण "कोन्निचिवा" म्हणतो. टोकियोच्या मेट्रोत कुणी नजरही मिळवत नव्हतं, इथे शंभर माणसांना नमस्कार करून घसा सुकला. सत्तरीच्या पुढच्या आजी मागून येऊन पुढे निघून गेल्या. बायको म्हणाली, "बघ, आणि तू मघापासून फोटो काढायच्या नावाखाली थांबतोयस."

हटमध्ये बूट काढायचे, ओले कपडे वाळवणीच्या खोलीत टांगायचे. आंघोळ नाही. आपला कचरा आपण खाली न्यायचा. रोख रक्कम आणि शंभर येनांची नाणी जवळ हवीत, वाटेतल्या संडासांत डब्यात नाणं टाकायची पद्धत आहे. जेवण संध्याकाळी पाचच्या सुमारास, भात हवा तेवढा. मला मासा मिळाला, बायकोने भातावर दाण्याची चटणी घेतली आणि समोरच्या काकूंनाही वाढली. त्यांनी डोळे मोठे केले, पाणी प्यायल्या आणि वाटी पुन्हा पुढे केली. नऊच्या आत दिवे बंद.

पहाटे बाहेर तंबूंवर दहिवर गोठलेलं. उन्हाची पहिली तिरीप होताकाच्या माथ्यावर पडली आणि काही मिनिटं सगळा कडा तांबडा झाला. पुढे 3190 मीटरच्या ओकु-होताकाला जाणारे साखळ्या-शिड्यांच्या वाटेला लागले. आम्ही गेलो नाही. सकाळचा बर्फाळ कातळ ही सह्याद्रीच्या सवयीने हाताळायची गोष्ट नव्हे.

संध्याकाळी मात्सुमोतोच्या हॉटेलात शिरलो तर सुटकेस काउंटरमागे उभी. गरम पाण्यात अर्धा तास, मग सोबा नूडल्स. त्याच रात्री टोकियो गाठता आलं असतं, पण मळक्या कपड्यांनी शिंजुकूत उतरण्यात काय गंमत? मात्सुमोतोचा काळा किल्ला मात्र मी आता जातानाच बघायला सांगतो. आतले लाकडी जिने काही ठिकाणी एकसष्ट अंशांचे आहेत. उतरून आलेल्या गुडघ्यांनी ते चढताना आम्ही दोघंही कठडा धरून, एकेक पायरी मोजत होतो. मागे शाळेची सहल खोळंबलेली.

टोकियोत परतल्यावर महानगर सरकारच्या इमारतीत पंचेचाळिसाव्या मजल्यावर गेलो. 202 मीटर उंची, तिकीट नाही, आणि मुख्य म्हणजे लिफ्ट आहे.